पहिली रेकॉर्ड कुणाच्या मनासारखी? डॉली मिक्स्चर या बँडच्या सुरुवातीच्या वर्षांचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण इंग्लंडमधल्या तीन मुलींच्या बँडचं आहे. १९७८ ते १९८४ या काळात त्यांनी दोन डझनांहून जास्त गाणी रचली, बीबीसीवर वाजवली आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या बँडांसोबत दौरे केले. १९८२ मध्ये देशात पहिल्या क्रमांकावर गेलेल्या एका गाण्यात त्यांचा आवाज होता. तरीही या सगळ्या काळात एकाही कंपनीने त्यांचा अल्बम काढला नाही. इतकी चांगली गाणी हातात असताना असं का व्हावं, हा प्रश्न मला त्यांच्या रेकॉर्ड ऐकताना दर वेळी पडतो.

बँडचं नाव आणि रेकॉर्डांची नावं जाहीर आहेत, म्हणून ती दिली आहेत. तिघींचा उल्लेख मात्र त्यांच्या वाद्यावरून केला आहे आणि कंपनीतल्या माणसांचा त्यांच्या कामावरून. कोण चुकलं हे शोधण्यात मला रस नाही. कोणत्या वळणावर कोणत्या वाटा उघड्या होत्या आणि त्यातली कोणती धरली गेली, ते पाहायचं आहे.

पार्श्वभूमी

केंब्रिज हे विद्यापीठाचं गाव. पण या तिघी विद्यापीठातल्या नव्हत्या, शाळेपासूनच्या मैत्रिणी होत्या. १९७८ मध्ये त्यांनी बँड काढला तेव्हा तिघीही विशीच्या आतबाहेर होत्या. एक बेस गिटार वाजवायची आणि गायची, दुसरी गिटार वाजवायची (ती चेलोही वाजवत असे, पुढच्या रेकॉर्डांवर तो ऐकू येतो), तिसरी ड्रम्सवर. नाव घेतलं ते इंग्लंडमध्ये मुलं खातात त्या फिकट रंगांच्या छोट्या गोळ्यांच्या मिश्रणावरून.

त्यांच्या आवडी दोन टोकांच्या वाटतील. एकीकडे शांग्रिलाज, म्हणजे साठच्या दशकातला न्यूयॉर्कचा मुलींचा गायनगट, ज्याच्या गाण्यांत घरातून पळालेल्या मुली आणि मोटरसायकलवरचे मित्र असत. दुसरीकडे अंडरटोन्स, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातली पोरं, तीन मिनिटांच्या आत धडाधड वाजवून संपणारी गाणी करणारी. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की काय होईल, तेच डॉली मिक्स्चर. गिटारचा आवाज बारीक आणि खरखरीत, ड्रम्स पुढे धावणारे, आणि वर तीन मुलींचे एकमेकांत मिसळणारे सूर.

तो काळ लक्षात घेतल्याशिवाय त्यांची पंचाईत कळणार नाही. १९७६-७७ च्या पंकने, म्हणजे वेगवान, खरखरीत संगीताच्या लाटेने, एक मोठं काम केलं होतं: वाद्य नीट येत नसेल तरी मंचावर चढायला हरकत नाही, हे शेकडो पोरापोरींना पटवून दिलं होतं. त्या लाटेनंतर जे आलं त्याला पोस्ट-पंक म्हणतात. गँग ऑफ फोर, द फॉल यांच्या गाण्यांत तुटक लय होती, राजकारण होतं, चालीपेक्षा ताण जास्त होता. बायकांचे किंवा बायका पुढे असलेले बँडही होते आणि फार जोरकस होते: स्लिट्स, रेनकोट्स, डेल्टा ५. एनएमई, साउंड्स, मेलडी मेकर या साप्ताहिकांना असं संगीत कसं वाचायचं ते ठाऊक होतं. पण जुन्या धाटणीचे फ्रॉक घालून येणाऱ्या, गोड चाली बांधणाऱ्या आणि तरी पंकच्या वेगाने वाजवणाऱ्या तीन मुलींना कोणत्या खणात टाकायचं? गंभीर मंडळींना त्या हलक्या वाटत. बाजाराच्या मंडळींना त्या पुरेशा गुळगुळीत वाटत नसत.

त्यांना पहिल्यांदा बिनशर्त ऐकून घेतलं ते जॉन पील यांनी. पील बीबीसीच्या रेडिओ वनवर रात्री १० ते १२ कार्यक्रम करत आणि ज्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नाही अशा बँडांना सत्रासाठी बोलवत. या सत्राची रीत इथे सांगायला हवी, कारण पुढच्या निर्णयांशी तिचा संबंध आहे. बँडने स्टुडिओत जायचं, बहुधा लंडनच्या मेडा व्हेलमधल्या. एका दिवसात साधारण चार गाणी वाजवायची. बीबीसीचा निर्माता आणि ध्वनिमुद्रक संध्याकाळपर्यंत ती मिक्स करून संपवत. दुरुस्तीला वेळ नसे, त्यामुळे बँड जसा असेल तसाच ऐकू येई. कोणती गाणी वाजवायची हे बँडच ठरवी. डॉली मिक्स्चरचं सत्र १९७९ मध्ये झालं. म्हणजे आपली गाणी आपल्या पद्धतीने देशभर ऐकवण्याची संधी त्यांना रेकॉर्ड कंपनीच्या आधी मिळाली होती.

त्याच सुमारास त्या लंडनमध्ये नियमित वाजवू लागल्या. द फॉल आणि बॅड मॅनर्स यांच्याआधी त्या मंचावर येत. पुढे जगभर गाजलेल्या यू-टू या आयरिश बँडने त्या दिवसांत यांच्याआधी वाजवलं होतं. आज हे ऐकायला नवल वाटतं, पण १९७९-८० मध्ये कोण पुढे जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अडचण

१९८० मध्ये क्रिसॅलिस या कंपनीकडून त्यांची पहिली सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, निघाली. क्रिसॅलिस म्हणजे लहानसहान दुकान नव्हे. ब्लॉन्डी या अमेरिकन बँडच्या रेकॉर्ड तिथून निघत होत्या आणि स्पेशल्स या बँडच्या टू टोन लेबलचा, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीचा, मालही तिच्यामार्फतच दुकानांत पोहोचत होता. केंब्रिजच्या मुलींना अशा कंपनीने दार उघडणं ही मोठीच गोष्ट होती.

पण सिंगलवर गाणं त्यांचं नव्हतं. ते होतं ‘बेबी इट्स यू’. बर्ट बॅकरॅक यांची चाल, शिरेल्स या अमेरिकन मुलींच्या गटाने १९६१ मध्ये लोकप्रिय केलेलं, आणि बीटल्सने १९६३ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतलेलं. ब्रिटनमधल्या घराघरात ठाऊक असलेलं.

गाणं वाईट आहे असं कुणीच म्हणणार नाही. प्रश्न त्याच्या जागेचा होता. त्यातली मुलगी म्हणते की लोक तुला फसवणारा म्हणतात, पण मला तूच हवास. आता याच्या शेजारी या बँडचं स्वतःचं, त्याच काळातलं गाणं ठेवा: ‘हाउ कम यू आर सच अ हिट विथ द बॉइज, जेन?’ इथे एक मुलगी दुसऱ्या मुलीला विचारते आहे की पोरं तुझ्याभोवती एवढी का घुटमळतात. त्यात हेवा आहे, कुतूहल आहे आणि मैत्रीही आहे. मुलगा फक्त विषय म्हणून येतो. सगळं बोलणं दोन मुलींमधलं आहे. नाव जितकं लांब तितकी चाल चटपटीत. माझ्या मते या एका गाण्यात बँडचं सगळं वेगळेपण आहे, आणि पहिल्या सिंगलच्या वेळी तेच बाजूला पडलं.

दुसरी बाजू पैशाची. रेकॉर्ड विकली गेली की गाणाऱ्यांना एक हिस्सा मिळतो आणि गाणं रचणाऱ्यांना वेगळा. दुसऱ्याचं गाणं गायलं की रचनेचा हिस्सा मूळ रचनाकारांकडे जातो. सिंगलच्या मागच्या बाजूला मात्र पुढच्या बाजूइतकीच रचनेची रॉयल्टी मिळते, मग ती बाजू कुणी ऐको न ऐको. त्यामुळे मागच्या बाजूला कुणाचं गाणं जातं यावरून त्या काळात बँडांत भांडणं होत. शिवाय कंपनीने दिलेली उचल आधी गाणाऱ्यांच्या हिश्श्यातून वसूल होते. रचनेचा हिस्सा सहसा वेगळ्या वाटेने येतो. म्हणून नव्या, स्वतः गाणी करणाऱ्या बँडसाठी स्वतःचं गाणं हाच हातात पडणाऱ्या पैशाचा पहिला भरवसा असतो.

तिसरी, आणि तिघींना सर्वात जास्त खुपलेली गोष्ट: कंपनीला त्यांना किशोरवयीन मुलींचा गायनगट म्हणून विकायचं होतं. गाणी रचणारा, वाद्यं वाजवणारा बँड म्हणून नव्हे.

समोर असलेले पर्याय

इथे कंपनीला नुसतं खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. कंपनीचा आडाखा बाजाराच्या हिशेबाने चुकीचा नव्हता. त्याच वर्षी मो-डेट्स या मुलींच्या बँडने रोलिंग स्टोन्सचं एक गाणं सिंगल म्हणून काढलं आणि ते विक्रीच्या यादीत ४२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, बनानारामाने वेल्व्हलेट्स या अमेरिकन गटाचं १९६४ मधलं गाणं गायलं आणि ते थेट पहिल्या पाचांत पोहोचलं. १९८३ मध्ये ट्रेसी उलमनने साठच्या दशकातल्याच एका गाण्यावर चौथा क्रमांक गाठला. म्हणजे मुलींनी जुनी गाणी नव्याने गायची, ही कल्पना चालणारी होती. पण बनानारामा तेव्हा मुळात गायनगट होता, वाद्यं वाजवणारा बँड नव्हता. उलमन तर अभिनेत्री म्हणून ओळखली जात होती. डॉली मिक्स्चर गाणी बांधणारा बँड होता. बरोबर कल्पना चुकीच्या माणसांवर लावली गेली, असं माझं वाचन आहे.

बँडसमोर तीन वाटा होत्या.

पहिली, नकार देऊन स्वतंत्र, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेरच्या, लेबलकडे जाणं. ही वाट १९८० मध्ये चांगली मळलेली होती. लंडनचं रफ ट्रेड आधी दुकान होतं, मग लेबल झालं, आणि खर्च वजा जाता उरलेला नफा बँड आणि लेबल यांच्यात निम्मा-निम्मा वाटायची पद्धत त्यांनी रूढ केली होती. रेनकोट्स तिथेच होत्या. जानेवारी १९८० पासून स्वतंत्र लेबलांच्या रेकॉर्डांची वेगळी विक्री-यादीही छापून येऊ लागली होती, त्यामुळे हजारोंच्या विक्रीवरही नाव दिसण्याची सोय झाली होती. अडचण एवढीच की ही मंडळी गोड चालींकडे जरा संशयाने पाहत. डॉली मिक्स्चरला तिथे मनापासून घर मिळालं असतं का, याची खात्री देता येत नाही.

याच वाटेला एक फाटा होता: रेकॉर्ड स्वतःच काढायची. बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने जानेवारी १९७७ मध्ये सुमारे ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची रेकॉर्ड काढली होती. पहिल्या हजार प्रती हां हां म्हणता संपल्या आणि पुढे हजारोंनी खपल्या. स्क्रिटी पोलिटी या बँडने १९७८ मधल्या आपल्या पहिल्या सिंगलच्या जॅकेटवर ध्वनिमुद्रणाला किती, छपाईला किती, शिक्के मारायला किती असा खर्चच छापला होता, इतरांनाही ते जमावं म्हणून. हे मला त्या काळातलं फार उमदं कृत्य वाटतं. कृती लपवून ठेवायची नाही, सगळ्यांना वाटून टाकायची.

दुसरी वाट, कंपनीचं म्हणणं अटींवर मान्य करणं. पहिली सिंगल तुमच्या मनाची, पण दुसरी आमच्या गाण्याची, आणि छायाचित्रांत वाद्यं हातात दिसलीच पाहिजेत, असं काही. अशा अटी घालायला हातात काहीतरी लागतं. यांच्या हातात पील सत्र होतं आणि मंचावर कमावलेलं नाव होतं. पण असं बोलणं पुढे रेटायला एखादा खमका व्यवस्थापक लागतो, आणि विशीतल्या पोरींना मोठ्या कार्यालयात बसून ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. या वाटेवर सर्वात कमी बँड चालतात, यात नवल नाही.

तिसरी, जे समोर आलंय ते घेणं. मोठ्या कंपनीचा शिक्का मिळेल, रेडिओवर दिवसाही वाजेल, पुढचं पुढे पाहू. बहुतेक बँड हेच करतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

काय केलं गेलं

तिसरी वाट धरली गेली. ‘बेबी इट्स यू’ निघाली, पण टॉप ४० मध्ये, म्हणजे विक्रीच्या यादीतल्या पहिल्या चाळिसांत, गेली नाही. त्यानंतर तिघींनी जे केलं ते मात्र धाडसाचं होतं. त्यांनी ती सिंगल आपली मानायला नकार दिला आणि कंपनी आपल्याला ज्या रूपात विकू पाहते त्याला उघड विरोध केला. क्रिसॅलिसकडून दुसरी रेकॉर्ड निघाली नाही.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं. नकार आधी देणं आणि नंतर देणं यांची किंमत वेगवेगळी असते. आधी नकार दिला तर रेकॉर्ड हुकते, पण ओळख कोरी राहते. नंतर दिला तर रेकॉर्ड बाजारात असतेच, ज्यांनी फक्त तीच ऐकली त्यांच्यासाठी बँड तसाच राहतो, आणि इतर कंपन्यांना कळतं की या मुलींना वळवणं कठीण आहे. तिघींची भूमिका अगदी बरोबर होती. ती सिंगल निघाल्यानंतर आली, म्हणून महाग पडली.

पुढचा हात आला पॉल वेलरकडून. द जॅमचा हा गायक तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि त्याचा बँड देशात शिखरावर होता. १९८१ मध्ये त्याने रिस्पॉन्ड नावाचं लेबल काढलं आणि त्याची पहिलीच रेकॉर्ड होती डॉली मिक्स्चरची ‘बीन टीन’. १९८२ मध्ये त्याच लेबलवर ‘एव्हरीथिंग अँड मोअर’ आली. दोन्ही वेळा गाणी त्यांची स्वतःची होती. निर्मितीत द डॅम्ड या पंक बँडच्या कॅप्टन सेन्सिबलने हात दिला. जॅमसोबत आणि अंडरटोन्ससोबत दौरेही झाले.

‘एव्हरीथिंग अँड मोअर’ ऐकली की कळतं, या तिघींना नुसतं त्यांच्या पद्धतीने काम करू दिलं की काय होतं. आवाज तसेच बारीक आणि जिवंत, चाल एकदा ऐकून डोक्यात बसणारी, आणि उगाच चकचकीत केलेलं काही नाही. माझ्या दृष्टीने ती त्या वर्षातल्या सर्वात सुंदर ब्रिटिश पॉप सिंगल्सपैकी एक आहे. तीही टॉप ४० मध्ये गेली नाही. एखाद्या प्रसिद्ध माणसाच्या प्रेमापोटी निघालेल्या छोट्या लेबलला मर्यादा असतात. त्याचा स्वतःचा बँड त्याचा बहुतेक वेळ घेतो आणि दुकानांपर्यंत पोहोचण्याची यंत्रणा दुसऱ्याच कुणाच्या हातात असते. आणि इथेही बँडला सिंगलच मिळाली, अल्बम नाही.

मग आलं १९८२ चं ‘हॅपी टॉक’. हे गाणं ‘साउथ पॅसिफिक’ या १९४९ च्या अमेरिकन संगीतिकेतलं. कॅप्टन सेन्सिबलने ते गंमत म्हणून गायलं, आणि मागे कोरसला या तिघी होत्या. जुलै १९८२ मध्ये ते ३३ व्या क्रमांकावरून एका आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. एवढी मोठी उडी तोवर कुणी मारली नव्हती. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा बीबीसीचा कार्यक्रम सगळं कुटुंब एकत्र बसून पाहत असे, आणि तिथे त्या दिसल्या.

म्हणजे १९८० मध्ये ज्या गोष्टीला त्यांनी विरोध केला, जुनं आणि दुसऱ्याचं गाणं गोड आवाजात गाणं, त्याच गोष्टीने त्यांचा आवाज देशभर पोहोचवला. मी याकडे पराभव म्हणून पाहत नाही. मित्राच्या रेकॉर्डवर साथ करणं आणि स्वतःच्या पहिल्या रेकॉर्डवर दुसऱ्याचा चेहरा लावून घेणं यात फरक आहे, आणि तो त्यांना नीट कळत होता. पण कोरस गाणाऱ्यांना सर्वसाधारणपणे सत्रापुरतं मानधन मिळतं, विक्रीत वाटा मिळत नाही. आणि प्रेक्षकांच्या लक्षात राहतं ते पुढे उभ्या असलेल्या माणसाचं नाव.

शेवटी त्यांनी स्वतःचं लेबल काढलं. नाव ठेवलं ‘डेड गुड डॉली प्लॅटर्स’. १९८३ मध्ये त्यावर ‘रिमेंबर धिस’ ही सिंगल आली. आणि बँड थांबण्याआधी त्यांनी इतक्या वर्षांत जमलेले डेमो एकत्र करून दोन तबकड्यांचा अल्बम काढला: ‘डेमन्स्ट्रेशन टेप्स’, २७ गाण्यांचा. जॅकेट कोरं पांढरं, प्रती मोजक्या, त्यांच्यावर तिघींच्या सह्या. डेमो म्हणजे खरं तर कंपनीला दाखवण्यापुरतं केलेलं कच्चं काम. कंपन्यांनी त्यातून जे निवडलं नाही ते या मुलींनी जसंच्या तसं लोकांसमोर ठेवलं. आवाजाची पातळी गाण्यागणिक बदलते, काही ठिकाणी ड्रम्स डब्यासारखे वाजतात. तरी ओळीने ऐकत गेलं की १९७९ पासूनचा एक अख्खा बँड डोळ्यांसमोर वाढत जातो. पंकची धडधड कमी होत जाते, सूर गुंतत जातात, चेलो येतो.

निष्पत्ती

१९८४ मध्ये बँड थांबला. १९८६ मध्ये ‘फायरसाइड ईपी’ ही मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड निघाली, बरीचशी शब्दांविना, घरातल्या छोट्या मैफलीसारखी. त्यांची स्वतःची एकही सिंगल कधीच टॉप ४० मध्ये गेली नाही.

बेसवाली आणि ड्रम्सवाली यांनी मिळून पुढे कमिंग अप रोझेस हा बँड काढला. बेसवालीचा आवाज नव्वदच्या दशकात सेंट एटिएन या गटाच्या गाण्यांत आणि मंचावर ऐकू येऊ लागला. त्या गटातली मंडळी डॉली मिक्स्चरची जुनी चाहती होती. १९९५ मध्ये ‘डेमन्स्ट्रेशन टेप्स’ सीडीवर आली, २०१० मध्ये सगळ्या ध्वनिमुद्रणांचा तीन सीडींचा संच निघाला, त्यांच्यावर एक माहितीपटही झाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये बारीक गिटार आणि निरागस चालींचे बँड पुढे आले, तेव्हा अनेकांना या तिघी त्यांच्या थोरल्या बहिणी वाटल्या. जो अल्बम कुणी काढायला तयार नव्हतं, त्यासाठीच आज त्यांचं नाव घेतलं जातं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रिसॅलिसला नकार द्यायला हवा होता, असं म्हणणं मला पटत नाही. त्या वयात, त्या कंपनीकडून आलेला प्रस्ताव नाकारायचा तर शेजारी दुसरं काहीतरी तयार असावं लागतं. खरी संधी त्याच्या आधी होती. १९७९ मध्ये पील सत्र झालं तेव्हा देशभरातल्या लोकांनी ती गाणी ऐकली होती आणि दुकानात जाऊन मागावं असं काही नव्हतं. त्याच गाण्यांतली तीन-चार घेऊन स्वतःच्या खर्चाने छोटी रेकॉर्ड काढली असती, तर क्रिसॅलिसच्या टेबलावर बसताना बँडची ओळख आधीच ठरलेली असती. पहिली रेकॉर्ड आपल्या मनाची असती आणि ‘बेबी इट्स यू’ दुसरी ठरली असती. मग ती एक जुनं गाणं आवडीने गायलेली रेकॉर्ड म्हणून ऐकली गेली असती. स्लिट्सने १९७९ मध्ये मोटाउन या अमेरिकन कंपनीचं एक जुनं गाणं गायलं तेव्हा कुणाला त्या बदलल्यासारख्या वाटल्या नाहीत, कारण स्लिट्स कोण आहेत हे लोकांना आधीच ठाऊक होतं.

यावर आक्षेप असा की पैसे कुठून आणणार, खोकी कोण वाहणार, दुकानांना फोन कोण करणार. आक्षेप खरा आहे. तीन मुली, सतत चाललेले कार्यक्रम, आणि त्यात हिशेबाचं काम. पण १९८३ मध्ये त्यांनी हेच सगळं केलंच की. ते कष्ट पुढे-मागे उचलावेच लागले. १९७९-८० मध्ये उचलले असते तर त्यांचा उपयोग कारकिर्दीच्या सुरुवातीला झाला असता.

रिस्पॉन्डच्या टप्प्यावर मला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. वेलरला त्यांची गाणी मनापासून आवडत होती. सिंगलऐवजी अल्बमची मागणी करण्यासाठी याहून अनुकूल माणूस मिळाला नसता. एकेक सिंगल विक्रीवर तोलली जाते आणि पडली की पडते. अल्बमवर या बँडचं बलस्थान दिसलं असतं: इतक्या वेगवेगळ्या मूडची, इतकी जास्त गाणी. ‘डेमन्स्ट्रेशन टेप्स’ मध्ये नेमकं हेच दिसतं. एखाद-दुसरं गाणं बाजूला काढून ऐकलं तर हा बँड छान वाटतो. सगळी एकत्र ऐकली तर तो मोठा वाटतो.

पण एकच वळण निवडायचं झालं तर मी जुलै १९८२ निवडेन. ‘हॅपी टॉक’ पहिल्या क्रमांकावर असताना लाखो घरांत या तिघी दिसत होत्या. त्या आठवड्यांत त्यांच्या नावाचा अल्बम कोणत्याही दुकानात नव्हता, आणि त्याच वेळी बहुतेक गाणी टेपवर तयार पडलेली होती. पांढऱ्या जॅकेटची ती रेकॉर्ड आधीच, त्या उन्हाळ्यात निघाली असती तर ती टॉप ४० मध्ये गेली असती असं मी म्हणत नाही. कच्च्या डेमोंचा दुहेरी अल्बम तिथे जात नाही. पण टीव्हीवर मागे गाणाऱ्या त्या मुली कोण, असं विचारत रेकॉर्डच्या दुकानात शिरलेल्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीला दुकानदाराने हातात ठेवावं असं काहीतरी नक्की असतं. पुढच्या दोन वर्षांचे कार्यक्रम, पुढचं लेबल आणि पुढची बोलणी त्या ऐकणाऱ्यांच्या जोरावर झाली असती.